खांदेरीचा दिवा

थळ हे गाव तुमच्यापैकी पुष्कळांना खताच्या कारखान्यामुळे ऐकून माहीत असेल. अलिबागच्या उत्तरेला, समुद्राच्या काठी वसलेले हे गाव. तेथील किनाऱ्यावर उभे राहून पश्चिमेकडे पाहिले की पाण्यात दोन बेटे दिसतात. जवळचे, बुटके दिसते ते उंदेरी. त्याच्या पलीकडे, किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर, दोन टेकड्या खांद्याला खांदा लावून बसल्यासारख्या दिसतात ते खांदेरी. खांदेरीच्या दक्षिणेकडच्या टेकडीवर एक मनोरा आहे. दिवेलागण झाली की घराघरांत दिवे लागतात, देवापुढे निरांजन लागते आणि त्याच वेळी या मनोऱ्याच्या डोक्यावरही दिवा लागतो. १८६७ पासून ही वहिवाट चालत आली आहे.

तुम्ही म्हणाल, आम्ही घाटावरची कोरडवाहू माणसे. समुद्रातल्या दिव्याशी आमचा काय संबंध? संबंध आहे. आपल्या पिकांना लागणारे पोटॅश बाहेरच्या देशांतून जहाजानेच येते. नाशिकचा कांदा आणि द्राक्षे परदेशी जातात ती न्हावाशेव्याच्या बंदरातून. हे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. तेथे जाणारी-येणारी जहाजे मुंबईच्या खाडीच्या तोंडातूनच ये-जा करतात, आणि त्या तोंडाच्या दक्षिण अंगाला खांदेरी बसली आहे. तुमच्या शेतातला माल कधी तरी रात्री या दिव्याच्या टप्प्यातून गेला असेल. दिव्याने त्याला भाडे मागितले नाही की नाव विचारले नाही. खांदेरीच्या दिव्याची हीच गोष्ट मोठी आहे. ज्याला आपण ओळखत नाही, ज्याचे तोंड कधी पाहणार नाही, अशा माणसाला दिलेला तो शब्द आहे.

जागा अशी का?

शेतकऱ्याला ही जागा समजावून सांगायला वेळ लागायचा नाही. काळ्या रानात नांगर चालू असावा, वर माती एकसारखी दिसावी आणि एकाएकी खालच्या खडकाला फाळ अडून तो मोडावा, असा अनुभव कोणाला नाही? कोकणच्या समुद्राचे तसेच आहे. वरून पाणी एकसारखे दिसते. खाली ठिकठिकाणी खडकांच्या रांगा आहेत. त्यांतल्या काही ओहोटीला डोके वर काढतात आणि भरतीला पाण्याखाली जातात. रानात मोडलेला फाळ लोहाराकडे नेता येतो. जहाजाचा तळ फाटला तर आतली माणसे कोणाकडे नेणार?

मुंबईचे बंदर उत्तम मानले जाते, कारण ते तीन बाजूंनी जमिनीच्या कुशीत आहे. पण त्याचे तोंड नैर्ऋत्येला उघडे आहे. दक्षिणेकडून, म्हणजे गोवा, रत्नागिरी, मलबार या बाजूंनी येणारे जहाज किनारा उजव्या हाताला ठेवून वर येते. खांदेरी लागली की मुंबई सुमारे वीस किलोमीटरवर आली असे समजायचे. बेट दिसले तर वाट सापडली. बेट दिसले नाही तर तेच बेट आणि आसपासचे खडक जहाजाचे काळ ठरतात. वाटाड्या आणि वैरी अशी दोन्ही रूपे एकाच जागी आहेत. त्यांतले कोणते वाट्याला येणार, हे उजेडावर ठरते.

अंधाराचे जाणते

या बेटाचे मोल इंग्रजांच्या आधी शिवाजी महाराजांनी ओळखले होते. एका बाजूला जंजिऱ्याचा सिद्दी, दुसऱ्या बाजूला मुंबईचे इंग्रज. दोघांवर डोळा ठेवायचा तर दोघांच्या वाटेवरची ही चौकी हाती हवी. १६७२ मध्ये तेथे किल्ला बांधण्याचा पहिला प्रयत्न झाला, पण इंग्रज आणि सिद्दी या दोघांच्या विरोधामुळे तो तडीस गेला नाही. १६७९ च्या ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात, मायनाक भंडारी माणसे आणि सामान घेऊन बेटावर उतरला आणि तटाचे काम सुरू झाले.

मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. त्यांनी गलबते पाठवून बेटाला वेढा घातला. सप्टेंबरमध्ये बेटावर उतरण्याचा त्यांचा प्रयत्न फसला आणि त्यात त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांच्या ताफ्यावर हल्ला केला. त्या लढाईत इंग्रजांचे ‘डव्ह’ नावाचे गलबत मराठ्यांच्या हाती पडले. ‘रिव्हेंज’ नावाच्या मोठ्या जहाजाने मात्र तोफांच्या जोरावर टिकाव धरला आणि मराठी गलबते मागे वळली. समोरासमोरच्या झुंजीत मोठ्या तोफांपुढे लहान गलबतांचा निभाव लागणे कठीण होते. पण वेढा त्या दिवशीच्या झुंजीवर अवलंबून नव्हता. तो रोजच्या रात्रीवर अवलंबून होता.

रात्र पडली की किनाऱ्यावरून लहान, उथळ तळाच्या होड्या सुटत. त्यांत धान्य असे, दारूगोळा असे, माणसे असत. इंग्रजांची जड जहाजे वाऱ्याची वाट पाहत राहत आणि या होड्या त्यांच्या बगलेतून बेटाला लागत. दिवा नाही, नकाशा नाही. कोणत्या खडकावर किती पाणी, भरती कधी लागते, वारा कधी फिरतो हे त्या दर्यावर्दींना आपल्या शेताच्या बांधासारखे पाठ होते. इंग्रजांना ही ये-जा शेवटपर्यंत तोडता आली नाही. अखेर १६८० च्या आरंभी त्यांनी वेढा आवरता घेतला आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. त्याच सुमारास सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली, तेव्हा दोन बेटांवर दोन वैरी समोरासमोर बसले.

पुढे खांदेरी कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ठाणे झाली. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने मोठी तयारी करून खांदेरीवर हल्ला चढवला. तोही परतवला गेला. कान्होजी १७२९ मध्ये वारले, पण किल्ला पुढेही बराच काळ मराठी अमलात राहिला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खांदेरी इंग्रजांच्या हाती गेली.

ही लढाईची हकीकत एवढ्यासाठी सांगितली की तिच्यात दिव्याचे मर्म आहे. जाणत्याला अंधार आड येत नाही. थळचा तांडेल अंधारात घरी येतो. दिवा लागतो तो परक्याला, वाट चुकलेल्याला, पहिल्यांदा येणाऱ्याला.

कापसाचे दिवस आणि नवा दिवा

१८६० नंतर असे परके मुंबईला फार येऊ लागले. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले. तेथून विलायतेला जाणारा कापूस थांबला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गाड्या भरभरून कापूस मुंबईला उतरू लागला आणि तो न्यायला जहाजांची रीघ लागली. युद्ध संपले, भाव कोसळले, पण मुंबई बंदराची वाढ थांबली नाही. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि युरोपची वाट आणखी जवळ आली. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८६७ मध्ये, खांदेरीच्या टेकडीवर दीपगृह उभे राहिले होते.

मनोरा दगडी आणि अष्टकोनी आहे. त्याची उंची सुमारे २५ मीटर, म्हणजे आठ मजली इमारतीएवढी. त्यात टेकडीची उंची मिळवली म्हणजे दिवा पाण्यापासून चांगलाच वर जातो.

गंमत पाहा. ज्या बेटावर मुंबईची वाट रोखण्यासाठी तोफा चढवल्या होत्या, त्याच बेटावर मुंबईची वाट दाखवण्यासाठी दिवा चढला. जागा तीच, उंची तीच, पाणीही तेच.

दिवा एवढ्या लांब दिसतो कसा?

आपल्या देवळापुढची दीपमाळ आठवा. ती उंच का बांधतात? लांबून दिसावी म्हणून. दीपगृहाचे पहिले सूत्र हेच. पृथ्वी गोल असल्यामुळे लांबचा दिवा पाण्याच्या फुगवट्याआड जातो. समजा, होडीतल्या माणसाचे डोळे पाण्यापासून ३ मीटर उंच आहेत. काठावर ३ मीटरच्या खांबाला कंदील टांगला, तर तो कितीही प्रखर असला तरी सुमारे १२ किलोमीटरच्या पलीकडून दिसणार नाही. तोच दिवा पाण्यापासून ५० मीटर वर नेला तर सुमारे ३१ किलोमीटरवरून दिसू शकेल. उंची हेच दिव्याचे अर्धे बळ.

उरलेले अर्धे बळ काचेत आहे. गोठ्यात कंदील लावला तर त्याचा उजेड आढ्यावर जातो, जमिनीवर जातो, चारी भिंतींवर जातो. समुद्रावरच्या दिव्याला आढे उजळून काय करायचे? त्याचा सगळा उजेड आडवा, पाण्याच्या पातळीने गेला पाहिजे. फ्रान्समधल्या ऑगस्टिन फ्रेनेल या शास्त्रज्ञाने त्यावर युक्ती काढली. एक प्रचंड जाड भिंग करण्याऐवजी त्याने काचेच्या अनेक तिरप्या पट्ट्या दिव्याभोवती कड्यांसारख्या रचल्या. वर जाणारा आणि खाली जाणारा उजेड त्या पट्ट्या वळवून समोर पाठवतात. असे पहिले भिंग १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआन या दीपगृहावर बसले आणि नंतर साऱ्या जगाने ते उचलले. त्या काळच्या तेलाच्या वातीचा उजेडसुद्धा या काचेमुळे कोसच्या कोस दिसू लागला.

या भिंगाची एक खोड आहे. लहानपणी भिंगाने ऊन धरून कापूस पेटवला असेल, तर ती तुमच्या ध्यानात येईल. रात्री जे भिंग आतला उजेड बाहेर पाठवते, तेच दिवसा बाहेरचे ऊन आत गोळा करते. काच उघडी राहिली तर आतली सामग्री जळू शकते. म्हणून मोठ्या भिंगांच्या दीपगृहांत सकाळ झाली की काचेवर पडदे ओढण्याची शिस्त असे. रात्री जागायचे ते दिव्यासाठी, आणि सकाळी पडदा विसरायचा नाही तोही दिव्यासाठीच.

तिसरी गोष्ट ओळखीची. किनाऱ्यावर एकच दिवा असता तर प्रश्न नव्हता. पण दक्षिणेला खांदेरी, उत्तरेला कुलाब्याच्या टोकाशी १८७५ मध्ये उभे राहिलेले प्रॉंग्जचे दीपगृह, आणि आणखी किती तरी. रात्री दिसणारा उजेड नेमका कोणाचा हे कळले नाही, तर दिवा असून नसल्यासारखा. किंबहुना असल्याने जास्त घात. म्हणून प्रत्येक दिव्याला त्याची चाल ठरवून दिलेली असते. एखादा दहा सेकंदांत एकदा लखलखतो, एखादा दोनदा लागोपाठ, एखादा लाल, एखादा पांढरा. गावात नुसत्या खोकण्यावरून किंवा पावलावरून माणूस ओळखावा, तसा तांडेल लुकलुकण्यावरून दिवा ओळखतो. दोन दिवे ओळखले की कोणता कोणत्या दिशेला आहे ते पाहून आपण कोठे आहोत हे त्याला कळते. ही चाल छापील सूचीत नोंदलेली असते आणि जगभरच्या जहाजांवर ती सूची असते. दिवा बंद पडला किंवा चाल बदलली, तर त्याची सूचना सर्व जहाजांना जाहीर करावी लागते. शब्द दिला आहे. तो पाळता येत नसेल तर निदान तसे सांगितले पाहिजे.

दिव्याची चाकरी

विजेच्या आधी हा शब्द माणसांच्या अंगमेहनतीवर पाळला जात असे. तेलाचे डबे होडीतून उतरवायचे, टेकडीवर न्यायचे, मनोऱ्याच्या पायऱ्यांनी वर चढवायचे. काजळी धरली की काच पुसायची, वात कातरायची. फिरत्या दिव्यांत घड्याळासारखे यंत्र असे. त्याला जड वजन टांगलेले असे आणि ते खाली उतरत गेले की दिवा फिरे. वजन तळाला पोचण्यापूर्वी हाताने किल्ली देऊन ते पुन्हा वर घ्यावे लागे. रात्रीतून असे किती तरी वेळा. मोटेवरच्या माणसाला या कामाची कल्पना चटकन येईल. फरक एवढाच की मोटेचे पाणी आपल्या पिकाला जाते, आणि याची मेहनत कोणाच्या उपयोगी पडली हे त्याला कधीच कळत नसे.

त्यातून पावसाळा. जूनमध्ये समुद्र खवळला की लहान होड्या बंद होतात. बेटावरच्या माणसांना धान्य, मीठ-मिरची, औषध आधीच भरून ठेवावे लागे. घरी कोणी आजारी पडले तरी निरोप पोचायला दिवस लागत. आणि नेमक्या याच दिवसांत, ढगांनी चांदण्या झाकल्या असताना, दिव्याची गरज सर्वांत जास्त असते.

पुढे वीज आली, यंत्रे आली. आता पुष्कळ दीपगृहांवर सूर्याच्या उन्हावर चालणारे दिवे आहेत आणि अंधार पडला की ते आपोआप लागतात. कष्ट कमी झाले हे चांगलेच झाले. पण पत्र्यावर बसलेले मीठ आणि गंज, पक्ष्यांची घाण, वादळाने तुटलेली तार हे काही आपोआप निघत नाही. त्यासाठी अजूनही माणसालाच जावे लागते.

दिव्याला काय जमत नाही

दिव्याचे गुण सांगताना त्याची मर्यादाही सांगायला हवी. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ नावाची बोट सकाळी रेवसकडे निघाली. अमावास्येच्या सणासाठी गावी निघालेली माणसे तिच्यात खच्चून भरली होती. त्यांत अलिबाग भागातले शेतकरी होते, कोळी होते, चाकरमानी होते. कासा खडकाजवळ वादळी लाटांनी बोट कलंडली आणि थोड्याच वेळात बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले, म्हणून काही जण वाचले. त्या भागातल्या घराघरांत ही आठवण अजून काढली जाते.

ही बोट अंधारात वाट चुकली नव्हती. सकाळची वेळ होती आणि रस्ता रोजचा होता. खडक कोठे आहे एवढेच दिवा सांगतो. बोटीत किती माणसे भरावीत, पावसाळ्यात बोट सोडावी की नाही, अंगावर तरंगणारी जाकिटे आहेत की नाही, हे माणसानेच ठरवायचे असते. आजही पावसाळ्यात होडीत बसण्याचा प्रसंग आला, तर ही गोष्ट ध्यानात ठेवा. जागा नाही म्हटल्यावर रागावू नका. जाकीट दिले तर संकोच न करता घाला, आणि पोराबाळांना आधी घाला.

आज बेटावर काय आहे?

१९९८ मध्ये या बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. दीपगृहही आता त्याच नावाने ओळखले जाते. लोकांच्या तोंडी मात्र खांदेरी हेच नाव आहे. बेटावर किल्ल्याचा तट आणि बुरूज आहेत, लोखंडी चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या जुन्या तोफा आहेत. वेताळाचे देऊळ आहे आणि कोळी बांधवांची त्यावर मोठी श्रद्धा आहे. एक दर्गाही आहे. एका मोठ्या खडकावर दगडाने ठोकले तर भांड्यावर ठोकावे तसा नाद निघतो आणि पोरांना त्याचे भारी कौतुक वाटते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग यांच्या बरोबरीने खांदेरीही आहे.

जायचे असेल तर पावसाळा संपल्यावर जावे. थळच्या किनाऱ्यावर चौकशी करावी, परवानगी लागते का ते आधी विचारावे आणि भरती-ओहोटीच्या बाबतीत होडीवाल्याचा शब्द शेवटचा मानावा. पिण्याचे पाणी आणि शिदोरी बरोबर घ्यावी, आणि कचरा परत आणावा. तोफांवर आणि तटावर नावे कोरू नयेत. ज्यांनी तो तट रचला, त्यांतल्या बहुतेकांची नावे तेथे कोरलेली नाहीत.

आता कोणी विचारील, मोबाईलमध्ये नकाशा असताना हा दिवा हवाच कशाला? उपग्रहाकडून जागा कळते हे खरे. पण यंत्राची बॅटरी उतरते, पाणी लागून ते बंद पडते. अशा वेळी डोळ्यांना दिसणारा, ठरल्या चालीने लुकलुकणारा दिवा ही पक्की साक्ष असते. शेतकरी हवामानाचा अंदाज रेडिओवर ऐकतो, तरी अंगणात येऊन आभाळाकडे पाहतोच ना? तसेच हे. देशाच्या किनाऱ्यावर आणि बेटांवर आजही दोनशेच्या आसपास दीपगृहे आहेत. दीपगृहांचा कायदा १९२७ मध्ये झाला. २०२१ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला आणि त्यात नव्या यंत्रांचाही समावेश झाला. २१ सप्टेंबर हा दिवस आपल्याकडे राष्ट्रीय दीपगृह दिन म्हणून पाळतात. पोरांच्या शाळेत त्या दिवशी ही माहिती जरूर सांगावी.

मोठे काम म्हणजे डोळे दिपवणारे काम, असे आपल्याला वाटते. खांदेरीचा दिवा रोज एकच काम करतो. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, ठरलेल्या चालीने तो लागतो. एखाद्या रात्री दुप्पट प्रकाश द्यावा आणि दुसऱ्या रात्री विझून राहावे, असे त्याने केले तर कोणीही त्याच्यावर विसंबणार नाही. पाटाच्या पाण्याची पाळी, सोसायटीचा हप्ता, शेजाऱ्याला दिलेला बैल ही आपली कामेही अशीच विसंबण्यावर चालतात. आज संध्याकाळी तुमच्या घरात दिवा लागेल, तेव्हा खांदेरीवरही लागेल. त्याच्या उजेडात कोणते जहाज वाट ओळखील, त्यात कोणाचा कांदा असेल, हे दिव्याला कळणार नाही. त्याला ते कळायची गरजही नाही.